नवीन मिनिएचर्सच्या रिव्ह्यूसाठी 9,000 पाउंड काढू का?

डर्बीहून एका वाचकाचं पत्र आलंय, त्याचा गोषवारा आधी देते म्हणजे बाकीच्यांना कळेल. वय 34, इंजिनीअर, आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) झालेलं, घर घेतलंय, बायकोची ड्यू डेट मार्चमध्ये. छंद म्हणजे सायन्स फिक्शन वॉरगेमिंग, म्हणजे सैनिकांची छोटी मॉडेल्स (मिनिएचर्स) जोडून, रंगवून टेबलावर लढाई खेळायची, मुख्यतः गेम्स वर्कशॉप कंपनीचे वॉरहॅमर 40,000 आणि त्याचाच छोटा प्रकार किल टीम, आणि दोन वर्षांपासून यूट्यूबवर नवीन मिनिएचर्सचे रिव्ह्यू करतो, सबस्क्रायबर 640. बचत खात्यात 14,000 पाउंड आहेत आणि त्यातले 9,000 काढून एक वर्ष चॅनल 'सिरियसली' करायचं मनात आहे. कॅमेरा आणि लाइट्स 2,200, रेझिन प्रिंटर (मॉडेल्स घरी छापायचा 3डी प्रिंटर) आणि त्याचं सामान 800, दर महिन्याला 350 पाउंडचे नवीन बॉक्स म्हणजे वर्षाचे 4,200, आणि उरलेल्या 1,800 चे लिमिटेड बॉक्स न उघडता ठेवायचे, कारण "ती इन्व्हेस्टमेंटच आहे". शेवटी लिहिलंय, ताई तुम्ही मोठ्या आहात, मला तू म्हणा. तर तूच म्हणते.

आधी सांगते, चॅनल बंद कर असं मी अजिबात म्हणणार नाहीये. तू पाठवलेले तिन्ही व्हिडिओ मी पूर्ण बघितले. किल टीमच्या हाइव्हस्टॉर्म बॉक्सवरचा तो चाळीस मिनिटांचा आहे ना, ज्यात तू व्हेस्पिड नावाच्या परग्रहवासी मॉडेल्सचे पंख प्राइमर (रंगाआधीचा थर) मारायच्या आधी चिकटवायचे की सुटे ठेवून रंगवायचे हे दोन्ही करून दाखवलंस, स्प्रूवरून (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून) कापल्यावर खूण कुठे राहते, मोल्ड लाइन (साच्याची रेघ) कुठे खरवडावी लागते, आणि एक मॉडेल टेबलवर ठेवण्याजोगं व्हायला किती तास लागले ते घड्याळ लावून सांगितलंस, तो फार चांगला आहे. ज्याला हा खेळ माहीत नाही अशा माणसालाही तो बघून कळतं की आपले पैसे नक्की कशात जाणार आहेत. आणि तुझ्याच स्क्रीनशॉटप्रमाणे तुझे सगळ्यात जास्त वॉच अवर्स त्याच व्हिडिओचे आहेत, जो तू बॉक्स बाजारात आल्यावर पाच महिन्यांनी टाकलास. माझं सगळं उत्तर ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

कारण तुझा प्लॅन नेमका उलट्या दिशेने चाललाय. महिन्याचे 350 पाउंड तू 'लवकर' असण्यासाठी खर्च करणार आहेस. पण ह्या धंद्यात दुकानातून विकत घेणारा माणूस लवकर असूच शकत नाही. गेम्स वर्कशॉप मोठ्या चॅनल्सना बॉक्स आधीच पाठवते, त्यांचे रिव्ह्यू प्री-ऑर्डर उघडायच्या आत येऊन गेलेले असतात, शनिवारी सकाळी 10 ला प्री-ऑर्डर सुरू होते, आणि तुझ्या हातात बॉक्स पडतो तो त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी, मग तू तो जोडणार, रंगवणार, शूट करणार, एडिट करणार, तेही नोकरी सांभाळून. म्हणजे पूर्ण पैसे भरून तू कायम उशिराच पोचणार. महिन्याला दोन व्हिडिओ धरले तर एका व्हिडिओमागे 175 पाउंडचं नुसतं प्लास्टिक झालं, तुझा वेळ वेगळा. आणि यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 वॉच अवर्स लागतात, ते झाल्यावरही हा विषय असा आहे की बघणारे थोडे आणि चोखंदळ, त्यामुळे जाहिरातीतून 4,200 परत येतील ह्या हिशोबावर मी तरी सही करणार नाही.

सावकाश आणि खोलवर केलेला रिव्ह्यू मात्र तुला जमतो आणि त्याला जवळपास पैसेच लागत नाहीत. तूच लिहिलंयस की कपाटात 19 बॉक्स न उघडलेले पडलेत. अरे ते 19 व्हिडिओ आहेत! बॉक्स येऊन वर्ष झालं, रूल्स बदलले, पॉइंट्स (खेळात मॉडेलला दिलेली किंमत) दर तीन-चार महिन्यांनी वरखाली झाले, आता तो घेण्यात अर्थ आहे का, हे कोणी सांगत नाही, आणि नवीन खेळाडूला नेमकं तेच हवं असतं कारण तो सुमारे 100 पाउंडचा कॉम्बॅट पॅट्रोल (सुरुवातीच्या सैन्याचा बॉक्स) हातात घेऊन दुकानात उभा असतो. वॉरहॅमर 40,000 च्या एडिशनचंही बघ, आठवी 2017 ला, नववी 2020 ला, दहावी 2023 ला. तीन वर्षांनी रूलबुक बदलतं पण मॉडेल तेच राहतं, म्हणून जो रिव्ह्यू मॉडेलबद्दल असतो तो टिकतो आणि रूल्सबद्दलचा शिळा होतो.

आता त्या 1,800 च्या 'इन्व्हेस्टमेंट'कडे वळते, कारण इथे मला खरंच काळजी वाटली. 2020 च्या जुलैमध्ये इंडोमिटस बॉक्स आला होता, तुला आठवत असेलच, 61 मॉडेल्स, किंमत 125 पाउंड, आणि काही मिनिटांत संपला. लोकांनी चार-चार घेऊन लगेच ईबेवर चढ्या भावाने लावले. मग कंपनीने काय केलं, तोच बॉक्स मेड टू ऑर्डर केला, म्हणजे ज्याला हवा त्याने ऑर्डर द्यावी, आम्ही छापून देतो. संपला विषय. साठवणाऱ्यांचा भाव तिथेच कोसळला. ज्या वस्तूचा साचा कंपनीकडे आहे आणि कंपनी मनात आलं की आणखी काढू शकते, तिचा दुर्मिळपणा तुझ्या हातात नसतो, कंपनीच्या हातात असतो. काही बॉक्सना पुढे भाव येतो हे खरं, पण कोणत्या ते आधी कळत नाही, आणि तोवर ते घरात जागा अडवतात, कोपरा चेपला की किंमत पडते, आणि विकताना पोस्टेज आणि पॅकिंग तुझ्या माथी. ह्याला गुंतवणूक म्हणू नकोस. आवडला म्हणून घेतला, रंगवला, खेळलास, तर तो खर्च आहे आणि तसा खर्च करायला माझी काहीच ना नाही.

कंपनीवरच एवढा विश्वास असेल तर शेअर का घेऊ नये, असंही तू विचारलंयस. 2016 च्या सुरुवातीला शेअर साधारण 5 पाउंडला होता आणि 2024 च्या शेवटी 100 च्या वर होता, त्याच डिसेंबरमध्ये कंपनी फुट्सी 100 मध्ये (लंडनच्या शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या 100 कंपन्यांच्या यादीत) गेली. हे बघून कोणाचेही डोळे फिरतील. पण 2021 च्या सप्टेंबरपासून 2022 च्या ऑक्टोबरपर्यंत तोच शेअर जवळपास अर्धा झाला होता, आणि त्या वर्षी तुला घराला पैसे लागले असते तर अर्ध्यात विकावा लागला असता. ज्या कंपनीवर तुझा छंद, तुझं चॅनल आणि तुझे शनिवार आधीच अवलंबून आहेत तिच्यावर बचतही लावायची नाही. दूरच्या पैशासाठी स्टॉक्स अँड शेअर्स आयसामध्ये (करमुक्त गुंतवणुकीच्या खात्यात) साधा ग्लोबल इंडेक्स फंड बस्स आहे, वर्षाची 20,000 ची मर्यादा तुला पुरून उरेल.

पण तेही आत्ता नाही. आत्ताची गोष्ट वेगळीच आहे आणि ती पत्राच्या शेवटी तू एका ओळीत उरकलीस. मॉर्गेज तू 2021 मध्ये 5 वर्षांसाठी दीड टक्क्याने फिक्स केलंस आणि ते 2026 मध्ये संपतंय. त्या वेळी बँक ऑफ इंग्लंडचा रेट 0.1 टक्के होता, 2023 मध्ये तो 5.25 पर्यंत गेला, नंतर खाली आला, पण दीड टक्क्याचं मॉर्गेज विसर. तुझे 2,00,000 बाकी आणि 25 वर्षं राहिलीत, नवीन रेट साडेचार धरला तर हप्ता 800 वरून 1,112 च्या आसपास जातो. महिन्याला 312 जास्त. बघ हं, तुझ्या नवीन बॉक्सच्या बजेटएवढीच रक्कम जवळपास, फक्त ही न देऊन चालत नाही.

आणि त्याच वर्षात बायकोची मॅटर्निटी लीव्ह. तिच्या कंपनीत फक्त स्टॅच्युटरी (कायद्याने ठरलेलं किमान) मिळतं असं तू लिहिलंयस, म्हणजे पहिले 6 आठवडे पगाराच्या 90 टक्के, पुढचे 33 आठवडे सरकारने ठरवलेली छोटी रक्कम, आणि वर्षभर घरी राहायचं ठरवलं तर शेवटचे 13 आठवडे काहीच नाही. तुमच्या घराचा खर्च 2,600. आज 14,000 म्हणजे पाच महिन्यांहून थोडे जास्त, जे बरोबर आहे, सहा असते तर मी आणखी खूश झाले असते. 9,000 काढलेस की 5,000 उरतात, म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत, आणि हे बाळ यायच्या आणि हप्ता वाढायच्या वर्षात. ह्याला माझं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असंच आहे. 14,000 ला हात लावू नकोस, उलट मार्चपर्यंत त्यात जमेल तेवढी भर घाल.

मग चॅनलला काय? पहिलं म्हणजे तू सांगितलेले ते पे लेटरचे (आत्ता घ्या, पैसे नंतर भरा) 1,150 जे तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यात राहिलेत ते फेड. ह्यासाठी बचत मोडायची गरज नाही, 19 बॉक्सपैकी जे तुला रंगवायचेच नाहीयेत ते विक, तूच म्हणतोस सहा-सात तरी असतील. घाबरू नकोस, ईबे वर्षात 30 विक्री किंवा साधारण 1,700 पाउंड झाले की एचएमआरसीला (टॅक्स खात्याला) कळवतं हे खरं, पण स्वतःसाठी घेतलेली वस्तू घेतली त्यापेक्षा कमी किमतीत विकली तर त्यावर टॅक्स नसतो, पावत्या मात्र जपून ठेव. विकायच्याच हेतूने घेऊन ठेवलेले बॉक्स वेगळे, तो धंदा झाला, म्हणूनही ती 1,800 ची कल्पना सोड.

दुसरं, महिन्याला 60 पाउंड, बँकेच्या ॲपमध्ये वेगळं पॉट करून, पगाराच्या दिवशी आपोआप जातील असे. त्यात जे बसेल ते, आणि बसलं नाही तर पुढच्या महिन्यात. 60 मध्ये नवीन किल टीमचा सेट दोन-एक महिन्यांत एक येतो, स्वतंत्र दुकानदारांकडून घेतलास तर छापील किमतीपेक्षा 15-20 टक्के कमी पडतं, आणि क्लबमधल्या लोकांचे बॉक्स तू रंगवून द्यायचे आणि त्या बदल्यात शूट करायचे हा सौदा तर डर्बी-नॉटिंगहॅम पट्ट्यात सहज जमेल, तिथे तर गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आहे, खेळणाऱ्यांची वाण नाही. शिवाय एकाच कंपनीत का अडकतोस, दुसऱ्यांचेही खेळ बघ, कॉर्व्हस बेलीच्या इन्फिनिटीची धातूची मॉडेल्स आहेत, स्टार वॉर्सचं शॅटरपॉइंट आहे, वन पेज रूल्सचे मूळ रूल्स फुकट आहेत आणि कुठलीही मॉडेल्स चालतात. ह्या तिन्हींची तुलना करणारा मराठी व्हिडिओ मला सापडला नाही, आणि पुण्या-मुंबईतल्या मुलांना तर आयात करताना ड्युटीच एवढी पडते की घेण्याआधी नीट सांगणारा कोणीतरी त्यांना हवाच आहे.

कॅमेरा नको. तुझा फोन पुरेसा आहे, तुझ्या व्हिडिओत कमी पडतो तो प्रकाश आणि आवाज. दोन बऱ्या एलईडी पॅनेल, एक मायक्रोफोन, एक फोनचा मॅक्रो लेन्स, सेकंडहँड घेतलंस तर 250 च्या आत बसेल, आणि तेही उरलेले बॉक्स विकून.

प्रिंटरबद्दल मात्र मी पैशाचं बोलणारच नाही. कच्चं रेझिन त्वचेला लागलं की ॲलर्जी बसू शकते, वास आणि वाफ बाहेर काढायला नीट वेंटिलेशन लागतं, धुवायला आयपीए (एक अल्कोहोल) लागतं, आणि तुमचं घर दोन बेडरूमचं, दुसरी खोली बाळाची. गॅरेज होईल तेव्हा घे. तोवर कोणाकडून प्रिंट करून घे.

टॅक्सचं एवढंच लक्षात ठेव. चॅनलमधून वर्षाला 1,000 पाउंडपर्यंतचं उत्पन्न ट्रेडिंग अलाउन्समध्ये (टॅक्स न लागणाऱ्या मर्यादेत) बसतं, त्याच्या वर गेलं की टॅक्स वर्ष संपल्यावर 5 ऑक्टोबरच्या आत सेल्फ असेसमेंटला (स्वतः टॅक्स रिटर्न भरायच्या पद्धतीला) नाव नोंदव. आणि पुढे कोणी कंपनीने रिव्ह्यू करायच्या बदल्यात फुकट बॉक्स पाठवला तर तोही उत्पन्नातच धरतात, त्याची बाजारभावाची किंमत लिहून ठेवायची आणि व्हिडिओतही तो मिळालेला आहे हे सरळ सांगायचं. तुझं आयएलआर झालंय म्हणून व्हिसाची अट आड येत नाही, पण वर्क व्हिसावर असलेल्या वाचकांनी असे पैसे घ्यायच्या आधी आपल्या अटी वकिलाकडून तपासून घ्या, तिथे चूक परवडत नाही.

एक राहिलं. तुझी कंपनी पेन्शनला 8 टक्क्यांपर्यंत मॅच करते (तू टाकशील तेवढेच तीही टाकते) आणि तू 5 च टाकतोस. लीव्हचं वर्ष निघालं की हे पहिलं वाढव, बॉक्सच्या आधी आणि आयसाच्याही आधी.

आता एवढं कर, बायकोला शेजारी बसव आणि मार्चपासून पुढच्या मार्चपर्यंत कोणत्या महिन्यात किती पगार येणार ते दोघांनी मिळून कागदावर लिहा. फिक्स नक्की कोणत्या तारखेला संपतंय तेही बघ, बरेच लेंडर तीन ते सहा महिने आधी नवीन रेट लॉक करू देतात. ते दोन्ही आकडे मला पाठव, हप्त्याचं आपण पुढच्या पत्रात नीट बघू.