मुक्ती मिळाली, जमीन नाही

अमेरिकेतल्या गुलाममुक्तीवरच्या गेल्या लेखानंतर आलेल्या प्रश्नांतले हे चार.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. तेव्हा तिथले मुक्त लोक सुखात होते का?

नाही. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीने डझनावारी काळ्या माणसांना ठार केले. त्यांत शरण आलेलेही होते. तरी फुल्यांची कृतज्ञता चुकीची नव्हती. सुमारे चाळीस लाख माणसांची विक्री थांबली, ही थोर गोष्टच होती.

‘चाळीस एकर’चे काय झाले?

जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन यांच्या आदेशाने साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त कुटुंबांसाठी, प्रत्येकी चाळीस एकरपर्यंत, राखून ठेवली गेली. सुमारे चाळीस हजार लोक तिथे कसू लागले. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत करायला लावली. माझ्या मते पुढचे सगळे हाल इथूनच सुरू झाले.

मग लोक मळा सोडून का गेले नाहीत?

बरेच गेलेही. पण मिसिसिपीच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत काळ्या माणसाकडे कामाचा लेखी पुरावा लागे. नसला तर भटका म्हणून दंड, आणि तो भरता आला नाही की दंड भरणाऱ्याकडे राबणे. हे कायदे लवकरच उठले, पण बटई राहिली. पीक अर्धे मालकाचे. खेचर, बियाणे, पीठ, मीठ उधारीवर. हिशेबाची वही मालकाच्या हाती, आणि गुलामांना शिकवणे तर अनेक राज्यांत गुन्हाच होता. वहीत काय लिहिलेय, हे विचारणार कसे? वर्षाअखेरी कर्ज उरे आणि ते पुढच्या हंगामावर चढे. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी घेण्याची वाट गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीनेच मोकळी ठेवली होती. अशी शिक्षा झालेले कैदी खाणींत आणि रेल्वेमार्गांवर भाड्याने दिले जात.

विकल्या गेलेल्या मुलांशी आईवडिलांची भेट झाली का?

थोड्यांचीच. लोक मैलोन् मैल चालत गेले, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. या जाहिराती चर्चमध्ये मोठ्याने वाचल्या जात. मुक्तीनंतर कित्येक दशके त्या येत राहिल्या. मजकूर थोडका असे: आईचे नाव, तिला कोणी कोणाला विकले, आणि ती शेवटची कुठे दिसली.