वाचकांचे प्रश्न : सार्वभौम कोण, लोक की न्यायालय?

प्रश्न : विधानसभेने एकमताने केलेला कायदा, ज्यांना कोणी निवडून दिलेले नाही असे दोन न्यायमूर्ती रद्द करतात. मग लोकांच्या सार्वभौमत्वाला अर्थ काय उरतो? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपल्या प्रश्नात ‘विधानसभा’ आणि ‘लोक’ एकच धरले आहेत; मेख तिथेच आहे. संविधान अंगीकृत केले ते ‘आम्ही भारताचे लोक’ यांनी. विधिमंडळ हे त्यांचे मुखत्यार. कुलमुखत्यारपत्राबाहेर जाऊन केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक नसतो, मग सगळ्या मुखत्यारांचे त्यावर एकमत का असेना. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरेल, हे अनुच्छेद 13 मध्ये लिहूनच ठेवले आहे.

मुंबईत गाजलेलाच दाखला घ्या. 2005 मध्ये विधिमंडळाने डान्सबारबंदी एकमताने संमत केली, पण तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. रस्त्यावरच्या बारमध्ये जो नाच अनैतिक, तोच तारांकित हॉटेलात चालतो, हा भेद समानतेच्या कसोटीवर टिकला नाही. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. विधिमंडळ मात्र गप्प बसले नाही. त्याने 2014 मध्ये सूट वगळून पुन्हा बंदी आणली आणि 2016 मध्ये नियमनाचा नवा कायदा केला.

खरी अडचण घटनादुरुस्तीची आहे, कारण तिथे मुखत्यारपत्रच बदलले जाते. केशवानंद भारती खटल्यात 1973 साली 13 न्यायमूर्तींपैकी 7 जणांनी संविधानाची मूलभूत संरचना, म्हणजे त्याचा गाभा, दुरुस्ती करूनही संसदेला मोडता येणार नाही असे ठरवले. ‘मूलभूत संरचना’ हे शब्द संविधानात कुठेही नाहीत. तरीही 1975 ची 39 वी दुरुस्ती पाहिली की त्या मर्यादेची गरज पटते. पंतप्रधानांच्या निवडणुकीची तपासणीच तिने न्यायालयांच्या हातून काढून घेतली होती. लोकांचा कौल खरा की खोटा हे विचारायची सोयच राहिली नसती. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. (इंदिरा गांधींची निवडणूक त्याच निकालात वैध ठरली, हे सहसा सांगितले जात नाही.)

2015 मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती 4 विरुद्ध 1 मतांनी रद्द झाली, तेव्हा मात्र आपला आक्षेप मला खोडता येत नाही. निम्म्याहून अधिक राज्यांनी मान्य केलेली ती दुरुस्ती न्यायाधीशांच्याच नेमणुकीविषयी होती, आणि तिचा निवाडा न्यायाधीशांनीच केला.