वळवात पडलेलं रान उपग्रहातून शोधताना

वळवाच्या वादळात आडवी झालेली झाडं शोधायला बेळगावजवळच्या खानापूरच्या रानापासून सुरुवात करतोयस, तर आधी तारखा सांभाळ. वळवानंतरचं मे महिन्यातलं चित्र फेब्रुवारीच्या चित्राशी लावू नकोस. पानगळीचं रान तोवर रंग बदलतं. मागच्या वर्षीचा तोच पंधरवडा घे. घाईही नको, आडव्या झाडाची पानं काही दिवस हिरवीच राहतात. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्राचा पिक्सेल, म्हणजे सगळ्यात लहान ठिपका, १० बाय १० मीटर, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. एकटंदुकटं झाड त्यात हरवतं. एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा आकडा, घसरलेला तुकडा चौकोनी, सरळ कडांचा असेल तर वादळ कुठलं, बहुधा निलगिरीची तोड! पावसाळ्यात कणकुंबीवर ढग हटत नाहीत, तेव्हा ढगांआरपार बघणारं सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार बघ. पण ओल्या पानांनीही त्याचे आकडे हलतात. शंका आली की गाडी काढ, जांबोटीच्या रस्त्यावरून बघून ये की.