आधी सुतळी, मग शिल्प

धागा आणि नैसर्गिक साहित्यातून शिल्प करायचं ठरवलंत, फार छान वाटलं. पण "काय बनवू?" हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. आधी एकच साहित्य घ्या. मी तागाची सुतळीच सुचवेन.

वीतभर तुकड्याचा पीळ सोडा. तंतू सुटे होतात, बोटांना बारीक कुसळं टोचतात, हलका तेलकट वास येतो. मग दुसरा तुकडा भिजवा: तो फुगतो आणि आखूड होतो. कामात ताण का बदलतो, ते इथेच कळतं.

सुरुवातीच्या चुका साधारण याच:

- दोर कमी कापणं. गाठींच्या कामाला तयार लांबीच्या निदान चौपट धरा.
- ओल्या फांद्या, वेली, साल तशीच बांधणं. वाळताना त्या आकसतात, गाठी सैल पडतात, आत बुरशी धरते. माझं पहिलं मोठं काम असंच गेलं, आणि फार वाईट वाटलं होतं.
- एकाच कामात पाच-सहा प्रकारचं साहित्य कोंबणं.

भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांची शिल्पं जरूर पाहा. दोराला गाठी मारत मारत त्यांनी माणसापेक्षा उंच आकार उभे केले. दोर कुठे स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि कुठे ताठ राहतो, तेवढंच निरखा.

रंगवणं, रंग पक्का करायला तुरटी, लोकर दाबून केलेला नमदा हे सगळं आत्ता नको. पहिले वीस नमुने तळहाताएवढेच करा, आणि बिघडलेलेही जपून ठेवा.