आजोबांची पलटण कोणती?

प्रश्न : आमच्या पंचवटीतील घरी आजोबांचे दुसऱ्या महायुद्धातील गणवेशातले कृष्णधवल छायाचित्र आहे. त्यावरून त्यांची पलटण ओळखता येईल का?

उत्तर : पदकांच्या फितींवरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटत असे, आणि त्यामुळे चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या बाहीवरील चिन्हातला काळ्या चौकोनावरील लाल गरुडसुद्धा दिसेनासा होऊ शकतो. आधी खांद्यावरील धातूची अक्षरे भिंगाने वाचावीत. टोपीवर बिगुल असल्यास मराठा लाइट इन्फन्ट्रीचा विचार करावा. मात्र बिगुल इतर पलटणींच्या बिल्ल्यांवरही असे. बाहीवरील तीन पट्ट्या हवालदाराच्या, दोन नाईकाच्या. त्यांवरून पलटण कळत नाही. छायाचित्रामागे देवळालीतील (नाशिकजवळची तोफखान्याची छावणी) स्टुडिओचा शिक्का असला, तरी तेवढ्यावरून (नाशिककरांना हा मोह होतोच) आजोबा तोफखान्यात होते असे मानू नये.