न्यूयॉर्कच्या फायडायमधलं (फायनान्शियल डिस्ट्रिक्टमधलं) 'वन बेडरूम प्लस होम ऑफिस' घ्यावं का? माझं उत्तर जरा लांबलंय

तुमची माहिती अशी दिसते: नोकरी वॉल स्ट्रीटजवळ, सोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी, मार्चपासून सहा महिने आई-बाबा. जुन्या ऑफिसच्या इमारतीत केलेला वन बेडरूम प्लस होम ऑफिस असा फ्लॅट तुम्हाला आवडलाय. खाली स्विमिंग पूल, जिम, बोलिंग. जाहिरातीतलं भाडं ४,४५७ डॉलर. घ्यावा का?

अशाच एका इमारतीत आम्ही तीन वर्षं काढली (नाव विचारू नका). जरूर घ्या. पण आई-बाबांची सोय त्या होम ऑफिसमध्ये करायचा बेत असेल तर दुसरं घर बघा.

ती खोली येते कुठून ते आधी सांगतो. एसी आणि ट्यूबलाइट आल्यावर साठ-सत्तरच्या दशकातल्या ऑफिसवाल्यांना खिडकीची गरज उरली नाही. मजले ऐसपैस पसरले, लिफ्ट मधोमध गेल्या, आणि लिफ्टच्या भिंतीपासून खिडकीपर्यंत चाळीस-पन्नास फूट अंतर पडलं. तिथे घरं करायची तर आर्किटेक्टने त्या अंधाऱ्या पट्ट्याचं काय करावं? बाथरूम, कपाटं, वॉशिंग मशीन आत ढकलतो. तरी जागा उरतेच. त्या उरलेल्या जागेला 'होम ऑफिस' म्हणतात. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे बेडरूमला खिडकी लागते आणि खोली किमान ८० चौरस फूट लागते, म्हणून ब्रोकर त्या खोलीला चुकूनही बेडरूम म्हणणार नाही. फक्त 'पाहुण्यांसाठी उत्तम' म्हणेल आणि हसेल.

आम्ही त्या हसण्याला भुललो. आई आली तेव्हा तिचा पलंग तिथेच टाकला. पुण्यात पाचला उठणारी बाई, इथे साडेनऊ वाजले तरी बाहेर येईना. मी घाबरून दार उघडलं तर ती अंथरुणात बसून माळ ओढत होती. म्हणाली, "उजाडायची वाट बघतेय." दार बंद केलं की आत भर दुपारीही रात्रच. पंधरा दिवसांनी तिचा पलंग हॉलमध्ये आला आणि आमचे सहा महिने सोफा सरकवण्यात गेले.

म्हणून इमारत कधीची आहे ते पहिल्यांदा विचारा. ७० पाइन स्ट्रीट १९३२ची. तेव्हा एसी सर्रास नव्हते, त्यामुळे बसणाऱ्याला खिडकी जवळ हवीच होती, आणि मनोरा वर जाईल तसा निमुळता होत जातो. अशा इमारतींत खोल्या उजेडाच्या बाजूने आपोआप पडतात. उलट २५ वॉटर स्ट्रीट १९६९ची: रुंद, ठोकळ्यासारखी, खिडक्या म्हणजे फटीच. तिथे घरं करताना इमारतीच्या पोटात दोन चौक कापून काढावे लागले, फटींच्या जागी मोठ्या खिडक्या बसवल्या, आणि वर दहा मजले चढवले. आता त्यात १,३०० च्या आसपास फ्लॅट आहेत. काम कौतुकाचंच आहे, पण अशा इमारतीत फ्लॅट घेताना खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात, हे विचारायचं. चौकातल्या खालच्या मजल्यावर उजेड म्हणजे आपल्या वाड्यातल्या माजघराइतकाच.

बघायला दुपारी बाराला जा. एजंट तुमच्या आधी पोचून घरातले सगळे दिवे लावून ठेवतो. ते सगळे बंद करायला सांगा. संकोच करू नका, भाडं तुम्ही देणार आहात. मग ओट्याशी उभे राहा: तांदूळ निवडता येतील इतका उजेड आहे का? नसेल तर दिवसभर दिवे लावून राहायची तयारी ठेवा. खिडकी स्वतः उघडून बघा, किती बोटं उघडते तेही.

आता ओट्याचाच विषय निघालाय तर. या नव्या घरांत बहुतेक ठिकाणी गॅस नसतो, काचेची विजेची शेगडी असते. ती इंडक्शन आहे का साधी, हे विचारून घ्या. आईने पुण्याहून प्रेमाने आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आमच्या इंडक्शनवर ढिम्म हलला नाही. लोहचुंबक बुडाला चिकटलं तरच भांडं चालतं, एवढं लक्षात ठेवा. फुलके आचेवर टाकायचे विसरा, तव्यावर फडक्याने दाबून फुगवावे लागतात.

खरी परीक्षा चिमणीची. जुन्या ऑफिसात प्रत्येक स्वयंपाकघरातून धूर बाहेर न्यायचा पाइप टाकणं महाग पडतं, म्हणून पुष्कळदा चिमणी धूर ओढते, जाळीतून गाळते आणि तुमच्याच तोंडावर परत सोडते. चिमणी चालू करून वरच्या कडेशी हात धरा. वारा लागला तर ती तसलीच. आमच्याकडे पहिल्याच रविवारी लाल मिरचीची फोडणी पडली, दहा फुटांवरचा स्मोक अलार्म कोकलला आणि खालचा सिक्युरिटीवाला दारात. त्याला खोकला आला, आम्हाला लाज. तुमच्याकडे रोज दोन वेळा स्वयंपाक होणार, तेव्हा माझ्या मते पूलपेक्षा हे महत्त्वाचं.

पूलमध्ये मी तीन वर्षांत चार वेळा उतरलो. वापरली गेली ती लॉबी. जानेवारीत बाहेर बर्फ, म्हणून बाबा जेवणानंतर तिथेच शतपावली घालायचे आणि दारावरचा माणूस त्यांच्या फेऱ्या मोजायचा.

चांगल्या गोष्टीही आहेत बरं का. ऑफिसचे स्लॅब दणकट, छत उंच. मुलगी धावली तरी खालून तक्रार आली नाही. आधीच्या लाकडी घरात वरच्याच्या खुर्चीचा आवाज यायचा, इथे ती शांतता खरंच सुखाची होती. लिफ्ट मात्र सकाळी पावणेनऊला एकदा आजमावा. हीटिंग-कूलिंग विजेवर आणि बिल तुमच्या नावावर असेल तर अशाच फ्लॅटचं जानेवारीचं बिल मागा.

वॉटर स्ट्रीटच्या बाजूला घेत असाल तर आणखी एक. जुना किनारा पर्ल स्ट्रीटला होता. वॉटर, फ्रंट, साउथ हे रस्ते भराव घालून झालेले, आणि २०१२ च्या सँडी वादळात पाणी आपल्या जुन्या जागी परत आलं होतं. २०२३ पासून भाडेकरारात पुराचा इतिहास लिहून द्यावा लागतो. ते पान वाचा, आणि विजेचे पॅनेल तळघरात आहेत की वर हलवलेत तेही विचारा.

परिसर शनिवारी सामसूम असतो. मुलीला बॅटरी पार्क आहे. किराण्याला होल फूड्स वन वॉल स्ट्रीटमध्येच आहे (ती इमारतही पूर्वी बँकेची ऑफिसंच). मेथी-कढीपत्त्यासाठी वर्ल्ड ट्रेड सेंटरहून पाथ ट्रेन पकडून जर्सी सिटीतलं जर्नल स्क्वेअर, तिथून नुअर्क अ‍ॅव्हेन्यू. आमची रविवारची वारी तीच.

आता ते ४,४५७. हा आकडा बहुधा चौदा महिन्यांच्या करारात दोन महिने फुकट धरून काढलाय. खरं भाडं ५,२०० असणार: बारा गुणिले ५,२०० भागिले चौदा, बरोबर ४,४५७ येतात. महिन्याचा चेक ५,२०० चा जाईल आणि पुढच्या वर्षीची वाढही त्याच्यावरच लागेल. वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट मागतात, तेही साधारण याच आकड्याच्या, म्हणजे २ लाख ८ हजार डॉलर. डिपॉझिट एका महिन्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ब्रोकर मालकाने नेमला असेल तर जून २०२५ पासून त्याची फी तुमच्या माथी मारता येत नाही. आणि फ्लॅट रेंट स्टॅबिलाइझ्ड (म्हणजे भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेला) आहे का, हे लेखी घ्या. ऑफिसांची घरं करण्यासाठीच्या १९९५ नंतरच्या करसवलतीत झालेल्या इथल्या इमारतींबाबत २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंच्या बाजूने निकाल दिला होता. म्हणजे ती सवलत चालू असेपर्यंत तिथे भाडं हवं तसं वाढवता येत नव्हतं. २०२४ च्या नव्या करसवलत योजनेत चौथा हिस्सा फ्लॅट परवडणारे ठेवावे लागतात. पूल दाखवून देतात ते सहसा उरलेल्यांतले, म्हणजे बाजारभावाचे.

शनिवारी बाराला जाऊन दिवे बंद करून एक फोटो काढा, ओटा आणि खिडकी दोन्ही दिसतील असा. मजल्याचा नकाशाही मागून घ्या. दोन्ही इथे टाका, आईचा पलंग कुठे बसेल ते बघून सांगतो.