ट्रिस्टन दा कुन्हाचे १९८१ चे २५ पेन्सचे नाणे: ते खरे नाणे मानावे का, आणि विकल्यास किती किंमत येईल?

ते खरेच नाणे आहे. ट्रिस्टन दा कुन्हा या ब्रिटिश बेटासाठी, ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि डायाना यांच्या २९ जुलै १९८१ च्या विवाहानिमित्त ते काढण्यात आले आणि त्याला २५ पेन्स हे दर्शनी मूल्य देण्यात आले.

माझे वडील मालवाहू जहाजावर खलाशी होते. केपटाऊनच्या फेरीत त्यांनी नेमके हेच नाणे विकत घेतले आणि घरी आल्यावर नकाशा पसरून दक्षिण अटलांटिकमधला तो ठिपका आम्हाला दाखवला. केपटाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर दूर असलेल्या त्या बेटावर विमानतळ नाही, बोटीने पोहोचायला आठवडाभर लागतो आणि वस्ती आजही अडीचशेच्या आतच आहे. माझ्या थोरल्या बंधूंचा शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा संग्रह मोठा. त्यांनी नाणे उलटसुलट केले आणि म्हणाले, "जे बाजारात फिरलेच नाही ते नाणे कसले? हा तर बिल्ला." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी ते रुमालात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवले आणि पुन्हा कधी बाहेर काढले नाही.

बंधूंचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. दरबारात पेश करण्यासाठी पाडलेली नजराणा नाणी कोणत्या बाजारात फिरली होती? तसा एक नजराणा रुपया बंधूंच्या संग्रहात मानाच्या जागी आहे. ट्रिस्टनचे लोक मुख्यतः शेवंडांच्या मासेमारीवर जगतात. टपाल तिकिटे आणि नाणी संग्राहकांना विकून बेटाला चार पैसे मिळतात, यात कमीपणा कसला?

राहिला किमतीचा प्रश्न. तांबे-निकेलच्या नाण्याला फारसा भाव येत नाही. चांदीची प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली) आवृत्तीही निघाली होती, पण वजन करून फरक कळणार नाही, कारण दोन्ही २८.२८ ग्रॅमची आहेत. चांदीचे नाणे किंचित पातळ असते आणि त्याची पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत दिसते. मात्र चकाकी यावी म्हणून चिंच किंवा राख लावून ते घासू नका, त्याने आहे ती किंमतही जाते. आणि ते ज्यांनी घरात आणले ते हयात असतील, तर विकण्याआधी त्यांना एकदा विचारा. आमच्या घरी वडिलांना कोणी विचारले नाही.